कोऱ्या तुकड्यावरची माती

कमलने हातातली पिशवी जेवणाच्या टेबलावर, थेट पोह्यांच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि कुणी काही विचारतं का म्हणून उभी राहिली. कुणी विचारलं नाही. पिशवी पारदर्शक होती. आत काळी माती होती, मातीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, उदबत्तीच्या जळक्या काड्या होत्या आणि नारळाची एक शेंडी पिशवीच्या तोंडातून बाहेर आली होती.

"वन्सं, अन्नाजवळ नको हो ते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पातेलंच पलीकडे सरकवलं.

"हे काय आहे?" कमलने विचारलं. प्रश्न सगळ्या घराला होता, नजर मात्र एकट्या काकांवर होती.

दत्तोपंतांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. उत्सवाचा आठवडाभर रोज गाऊन गळा बसला होता, आणि संध्याकाळी लळिताचं कीर्तन उभं करायचं होतं. म्हणून ते सकाळपासून शब्द जपून वापरत होते.

"माती आहे," ते म्हणाले.

"कुणाची?"

"होती ज्याची त्याची. आता देवाची झाली."

कमल खुर्ची ओढून बसली. पहाटे अंधारात ती देवासहून निघाली होती. धार मागे टाकून, अमझेरा ओलांडून, सरळ खाणीवर जाऊन, मग उलटी धारला माहेरी आली होती. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आलेला व्हिडिओ तिने पुन्हापुन्हा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, ही दुसरीच कुठलीतरी जागा असेल. जागा तीच होती.

झालं होतं ते असं. शनिवारच्या कीर्तनात काकांनी उत्तररंगाला नेहमीचं आख्यान लावलंच नाही. उपरणं सावरलं, चिपळ्या थांबवल्या आणि म्हणाले, आज मी आमच्या कमळीचं आख्यान सांगणार. धारच्या दत्तमंदिरातली सभा ती, तिला घरच्या लेकीबाळींचं कौतुक आधीपासूनच फार. काकांनी खाणीतून उपसून टाकलेल्या मलब्याचा तो डोंगर उभा केला, त्यावर शेळीसुद्धा चढत नसे ते सांगितलं, मग कमलने तिथे करंज कसा लावला, शेवरी कशी लावली, गवत कसं धरलं, पक्षी कसे आले, ते अशा काही रंगात सांगितलं की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इथवर सगळं ठीक होतं. पण रंगात आलेला कीर्तनकार आणि उताराला लागलेली सायकल, दोघांना थांबवणं अवघड. काका पुढे म्हणाले, एवढ्या हिरव्या डोंगरावर एकच तुकडा उघडा राहिला आहे. ती जागा देवाने आपल्यासाठी ठेवली आहे. ज्याने त्याने आपल्या अंगणातली ओंजळभर माती आणावी आणि तिथे वाहावी.

लोकांनी आणली. काल रविवार होता. बसगाड्या भरून लोक गेले. देवासहून मंदिराचे जुने भक्त उदाजीराव आपल्या दोन गाड्यांत माणसं घालून, तिथल्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याची माती पितळी डब्यात घेऊन आले. कमल त्या वेळी, रविवार असूनही, कॉलेजात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेत होती आणि फोन बंद होता.

"मला एका शब्दाने विचारलं असतंत," ती म्हणाली.

"तुला आश्चर्य द्यायचं होतं," काका म्हणाले.

"मिळालं."

नारायणराव आतापर्यंत पेपराआड होते. ते मंदिराचे विश्वस्त होते आणि कमलचे थोरले भाऊही, पण उत्सवाच्या दिवसांत विश्वस्तच जास्त असत. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कमल, तू आल्यापासून काकांना उभं-आडवं घेते आहेस. अगं, लोक श्रद्धेने आले. उदाजीराव स्वतः गुडघे धरत त्या चढावर चढले. आभार मानायचे सोडून तू..."

"दादा, आभार?"

"अमझेऱ्याच्या बायकांनी तर रांगोळी काढली," वहिनी म्हणाल्या. "आणि फलकाला हार घातला."

"तो फलक वाचला का कुणी?"

"वाचला ना," उर्वी म्हणाली. ती नारायणरावांची धाकटी लेक. व्हिडिओ तिनेच काढला होता, वरून गाणंही तिनेच लावलं होतं. "हिंदीत लिहिलं होतं, इस जगह को न छेड़ें. तो सबको लगा, पवित्र जागा आहे."

कमलने कपाळावर हात मारला नाही. हात मातीचा होता.

खरं सांगायचं तर तिच्या मातीची गंमत ह्या घराला कधीच नीट कळली नव्हती, आणि त्यात सगळी चूक घराची नव्हती. मुलगी शिकायला गेली ती मातीचं शास्त्र, हेच मुळात तिच्या वडिलांना, अण्णांना, लोकांना सांगताना जड जाई. वर्गात चार मुली, त्यातल्या तिघी अन्नशास्त्राला गेल्या. कमलने डॉक्टरेट माळव्याच्या काळ्या मातीवर केली आणि मग एके दिवशी तिच्या मनात आलं की काळ्या मातीवर सगळेच लिहितात, कारण ती आधीच चांगली असते. जी माती नाहीच, तिचं काय? खाणवाले चुनखडीपर्यंत पोचायला वरचं सगळं खरवडून बाजूला टाकतात. दगड, चुरा, पांढरट राख रंगाचा गाळ. त्यात ना जीव, ना ओल. ती हा विषय घेऊन विभागप्रमुखांकडे गेली तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, ही माती नाही, हा मलबा आहे. आपला विभाग मातीचा."

तिथून पुढे ती विभागात मलबेवाली मॅडम झाली. बढती उशिरा आली, लेख परत आले, काही वेळा तर न वाचता परत आले. देवासला सासरी फ्रीजरमध्ये तिचे नमुने असत. सासूबाई पाहुण्यांना सांगत, आमच्याकडे आइसक्रीम ठेवायला जागा नाही, सूनबाईंची माती आहे. त्या बाईंनी मात्र कधी एकही पिशवी हलवली नाही. आणि इथे, माहेरी, भक्तिभावाने अख्खा प्रयोग हलवला होता.

"ऐका," कमल म्हणाली. आवाज शक्य तितका शांत ठेवून, वर्गात ठेवते तसा. "त्या डोंगराच्या एका अंगाला मी पट्टे पाडले आहेत. एका पट्ट्यावर नुसतं शेणखत. एकावर शेणखत आणि मुळांना धरून राहणारी बुरशी. एकावर आधी गवत, मग झाडं. सगळ्यांवर काहीतरी केलं. एकावर काहीच केलं नाही. तो कोरा. त्यावर काही न करणं, हेच त्याचं काम."

"काही न करणं हे काम?" नारायणराव म्हणाले.

"सरकारी नोकरीसारखं," अनीश म्हणाला. तो नारायणरावांचा मुलगा. त्याचे डंपर खाणीवर चालत, आणि ह्या घरात खाणीचं राजकारण तो एकटाच जाणत होता. तो आताच आंघोळ करून आला होता आणि उभ्या उभ्या पोहे खात होता.

"अनीश, संक्रांतीनंतर समिती येते आहे, तुला माहीत आहे."

"दिल्लीवाली. हो. अख्ख्या डोंगरावर तुझी पद्धत लावायची की नाही, ते ठरवायला." मग त्याचा चमचा थांबला. "म्हणजे ती माती... त्याच पट्ट्यावर?"

"त्याच."

"अरे यार, बाबा." त्याने बशी खाली ठेवली. "तुम्हाला कळतंय का काय झालंय? समितीत एक प्रोफेसर आहे, तो आधीपासून बोलतोय की पाऊस पडला की कुठेही हिरवं होतं, यात आत्याचं काय. आत्या त्याला तो कोरा पट्टा दाखवणार होती. बघा साहेब, पाऊस तोच, ऊन तेच, आणि इथे काही नाही."

"आणि आता तिथे काय दाखवणार?" कमल म्हणाली. "तुळस? झेंडू? काकांच्या सभेची बाग?"

"समितीने नाही म्हटलं तर?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तर कंपनी डोंगरावर दगड बसवून मोकळी होईल. तेच त्यांना सोयीचं आहे. दगड बसवला की कुणी वर्षानुवर्षं पाणी घाला म्हणत नाही. माझे पट्टेही जातील त्याच्याखाली. मार्चमध्ये मी निवृत्त होते. पुढे भांडायला मी तिथे नसेन."

आणि मग घराचं वारं फिरलं, ते असं फिरलं की कमलला श्वास घ्यायला सवड मिळाली नाही.

"काका, तुम्ही विचारायचं तरी," नारायणराव म्हणाले. मघाशी आभार मागणारा तोच आवाज.

"मी म्हणतच होते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी काल आपल्या तुळशीवृंदावनातली घागरभर माती नेली होती, व्हिडिओत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या.

"काका-आजोबा, तुम्ही ना, फ्लो में आ जाते हो," उर्वी म्हणाली.

दत्तोपंत बशी हातात धरून बसले होते. चहावर साय आली होती. गळपट्ट्यात गुंडाळलेली ती मान एकदम बारीक दिसायला लागली. आणि कमलचा संताप, जो तिने देवासहून इथवर नीट बांधून आणला होता, तो कुठे ठेवावा तेच तिला कळेना. ती रागावली की हे सगळे म्हाताऱ्यासमोर ढाल धरून उभे. हे रागावले की ढाल तिने धरायची. ह्या घरात धड भांडायचीही सोय नव्हती.

"त्यांना एकट्याला बोलू नका," ती चिडून म्हणाली. "बसगाड्या कुणी ठरवल्या होत्या, दादा?"

दादांनी पेपर पुन्हा उचलला.

अनीश खुर्ची जवळ ओढून बसला. आवाज त्याने धंद्याच्या पातळीवर आणला. "आत्या, सोपं आहे. एक डंपर लागेल. त्याच डोंगराच्या पोटातला माल काढू, काल टाकलेलं सगळं झाकून वरून अंथरू. ड्रायव्हर मोनू भियाला सांगतो, दुपारपर्यंत होऊन जाईल. रंग तोच, दगड तोच. समितीच्या बापालाही कळणार नाही."

"चांगलं आहे की," नारायणराव पेपरामागून म्हणाले. "कुणाचं नाव यायला नको, काही नको."

अनीशपेक्षाही कमलला जास्त माहीत होतं की हे जमलं असतं. समिती चालत येणार, फोटो काढणार, जेवायला मांडूला जाणार. खाली वाकून हातात घेऊन बघणारं त्यात कुणी नव्हतं. ती क्षणभर त्या डंपरमागे गेली. तिने पाहिलं, तो उलटा होतो आहे, पांढरा चुरा घसरतो आहे, तुळस, रांगोळी, उदाजीरावांच्या डब्यातली माती, सगळं खाली जातं आहे, आणि संक्रांतीनंतर तो प्रोफेसर मान डोलावतो आहे.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"आतला माल आतच होता. त्याने एकही पावसाळा पाहिला नाही. माझ्या कोऱ्याने सगळे पाहिले आहेत, शेजारच्या झाडांनी पाहिले तेच. तू आणशील तो नवा माल असेल, अनीश. कोरा नाही."

"पण दिसायला..."

"दिसायला गारगोटीही खडीसाखर दिसते. मी अहवालात लिहीन. ह्या ह्या तारखेला कोऱ्या पट्ट्यावर लोकांनी माती टाकली. वरची माती काढली, किती निघाली, कुठे उरली, सगळं. आधीच्या सगळ्या पावसाळ्यांचे आकडे आहेत माझ्याकडे. ज्याला विश्वास ठेवायचा तो ठेवेल."

"लोकांनी का टाकली, ते काय लिहिशील?" नारायणरावांनी विचारलं. पेपर आता मांडीवर होता.

"कीर्तन ऐकून."

"कुणाचं, तेही लिहिणार?"

दादांनी काकांकडे बघितलं, वहिनींनी दादांकडे, उर्वीने फोनकडे.

"लिही," दत्तोपंत म्हणाले. बसलेल्या गळ्यातून आवाज खरखरीत आला. "फक्त ह.भ.प. लाव पुढे. नुसतं दत्तोपंत लिहू नकोस. दिल्लीची माणसं, त्यांना वाटेल कुणी हेडक्लार्क आहे."

कमलला हसू आलं. तिने ते येऊ दिलं नाही. अजून तिचं रागावणं संपलं नव्हतं.

*

दुपारी चौघं खाणीवर गेली. कमल, अनीश, उर्वी, आणि नको नको म्हणताना गाडीत आधीच जाऊन बसलेले काका. डिकीत खुरप्या, मऊ कुंचे, सुपल्या, जाड प्लॅस्टिकचे तुकडे आणि काकांची घडीची खुर्ची होती.

अमझेऱ्याच्या पुढे शेतं संपत आली की तो डोंगर दिसतो. एका अंगाने हिरवा, बाकी सगळा राखेच्या रंगाचा. जवळ गेलं की हिरव्यातले पट्टे वेगळे दिसू लागतात. इथे शेवरी दाट, तिथे गवत गुडघ्याएवढं वाळून पिवळं पडलेलं, पलीकडे करंजाची सावली. आणि मधोमध, अंगणाएवढा, तो कोरा तुकडा.

आता तो कोरा नव्हता. मधे काळ्या मातीची चकती होती, तिच्याभोवती रांगोळीचं कमळ, चार कोपऱ्यांत पणत्या, एका बाजूला भगवी पताका. फलकावर झेंडूचा हार आणि 'न छेड़ें'वर कुंकवाचं बोट.

"छान केलंय पण," उर्वीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली.

काम मुंगीचं होतं. काळी माती फिक्या दगडांवर वेगळी उठून दिसत होती, वरची वरची कुंच्याने सुपलीत येत होती. पण चुऱ्याच्या फटींत शिरलेली येत नव्हती. खरवडलं तर कोऱ्याचा स्वतःचा पापुद्रा निघत होता, आणि तोच तर ठेवायचा होता. खालच्या कडेला काटेरी कुंपणाजवळ लोकांचे पाय पोचले नव्हते. तेवढी चिंचोळी कड जशी होती तशी राहिली होती. कमलने तिथे खुंट्या ठोकून सुतळी बांधली. एवढं तरी.

उर्वी भरलेली सुपली घेऊन उठली आणि शेजारच्या गवताच्या पट्ट्याकडे वळली.

"तिथे नाही," कमल एवढ्या जोरात म्हणाली की खाली रस्त्यावरचा डंपर थांबला. "उर्वी, तिथे नाही, त्याच्या शेजारीही नाही. पोत्यात. सगळी पोत्यात."

"फेकायची नाही हं, कमळे," खुर्चीतून काका म्हणाले. "वाहिलेली माती आहे. धारला परत नेऊ. देवळाच्या मागे घालू."

"काका, मी फेकते आहे का? मी एकेक कण वेचते आहे."

"हळू वेच. पाकळ्या वेगळ्या काढ."

कमल उठून उभी राहिली. कंबर धरली होती, केसांत चुरा गेला होता, आणि ज्यांच्यामुळे हे सगळं वेचायचं ते तिला वेचायची रीत शिकवत होते. ती काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, एक विचारू? ह्या जागेत तुम्हाला असं काय दिसलं?"

"पावसाळ्यात तू आणलं होतंस ना मला. सगळं हिरवं, आणि हा एकटा उघडा. मी तुला विचारलं, ह्याला का टाकलंस, तर म्हणालीस, त्याला काही करायचं नाही. मला रात्रभर ते बोचलं. सगळ्यांच्या पानात वाढलं आणि एकाचं पान कोरडं ठेवलं. तुला दया नाही आली कधी?"

विभागातल्या भाषेतलं उत्तर तिने त्यांना पावसाळ्यात दिलंच होतं. ते हे असं उगवलं होतं.

"तुमच्या मागे तंबोऱ्यावर अजेय बसतो," ती म्हणाली.

"बसतो. चांगला मुलगा आहे."

"गळा कसा आहे त्याचा?"

"गोड आहे. माझ्यापेक्षा चांगला होईल."

"मग त्याला ताना का घेऊ देत नाही? बिचारा सगळं कीर्तनभर त्याच तारा छेडत बसतो. तुम्ही गाता, पेटी गाते, सभा गाते, तो एकटा कोरडा."

"ताना घेईल तर कान उपटीन त्याचा," काका म्हणाले. "तो आपल्या सुरावरून हलला, तर मी कुठे आहे हे मला कसं..."

ते थांबले.

वाऱ्याने पताका फडफडत होती. अनीश कुंचा हातात धरून बघत राहिला. दत्तोपंतांनी कोऱ्या तुकड्याकडे पाहिलं, मग शेवरीकडे, गवताकडे, करंजाकडे, आणि पुन्हा कोऱ्याकडे. गायकाचा कान शेवटपर्यंत शाबूत राहतो असं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी तो डोळ्यांत आणून बघितलं असावं.

"हा तुझा तंबोरा," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी सभेला त्याच्यावर ताना घ्यायला लावल्या."

ते खुर्चीचा दांडा धरून उठले, दगडांवर पाय चाचपत फलकापाशी गेले आणि हार काढू लागले. दोरा खिळ्यात अडकला होता. अनीश पुढे झाला तर त्यांनी त्याला हाताने मागे केलं. नखाने दोरा सोडवला, हार घडी करून उपरण्यात गुंडाळला, आणि मग उपरण्याच्याच टोकाने फलकावरचं कुंकू पुसलं. फार पुसलं. अक्षरंही थोडी फिकी झाली.

"काका, पुरे," कमल म्हणाली. "रंग निघेल."

*

लळीत म्हणजे उत्सवाचं शेवटचं कीर्तन. देव निरोप घेतो, त्याआधी ज्याला जे हवं ते मागून घ्यायचं. ह्या मंदिरातली रीत अशी, की माणसं एकेक करून पुढे येतात, देवापुढे उभी राहून मोठ्याने मागणं मागतात, आणि कीर्तनकार देवाच्या वतीने तथास्तु म्हणून हातावर लाह्या आणि खडीसाखर ठेवतो. आधी पाहुणे, मग मानकरी, मग घरचे. सर्वांत शेवटी माहेरवाशिणी.

संध्याकाळी सभामंडप भरला होता. दिगंबराचा गजर झाला, बुक्क्याचा वास दाटला. आश्चर्य म्हणजे काकांचा गळा सुटला होता, पण आज ते गात होते कमी आणि थांबत होते जास्त. कमल खांबाला टेकून बसली होती. नखांतली काळी माती धुऊनही गेली नव्हती.

उदाजीरावांनी गुडघ्यांसाठी मागितलं. कुणी मुलीच्या लग्नासाठी मागितलं, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी. मग नालछ्याकडचा एक शेतकरी पुढे आला, टोपी काढली आणि म्हणाला, "महाराज, एक मावठा पडू दे. गव्हाला एक पाणी हवं."

सभेतल्या अर्ध्या माना हलल्या. अर्धी सभा गव्हाचीच होती.

कमल खांबापासून सरळ झाली. हिवाळ्यातला एक पाऊस, बस. फटींत राहिलेली प्रत्येक तुळशीची मंजिरी, प्रत्येक झेंडूचं बी, समिती यायच्या आत मान वर काढेल. काकांनी लाह्यांच्या ताटात हात घातला, आणि त्यांची नजर खांबाकडे गेली. हात ताटातच राहिला.

कीर्तनकाराला लळितात नाही म्हणता येत नाही. आणि गव्हाला नाही कोण म्हणेल?

"तथास्तु," काका म्हणाले, आणि लाह्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवल्या.

घरच्यांची पाळी आली. दादांनी देवळाच्या कळसासाठी मागितलं, वहिनींनी सगळ्यांसाठी मागितलं. मग माहेरवाशिणी. कमल दर वर्षी बसल्या जागेवरून हात जोडत असे आणि पुढच्या वेळी म्हणत असे. ती उठली तेव्हा वहिनींनी उर्वीला कोपर मारलं.

ती देवापुढे उभी राहिली. काय मागायचं ते तिने ठरवलं नव्हतं. समिती, अहवाल, प्रोफेसर, काहीच लळितात मागण्यासारखं नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "मावठा पडू दे. गहू यायला हवा. पण माझ्या त्या कोऱ्या तुकड्यावर काही उगवू देऊ नकोस. एक पानसुद्धा."

मंडपात कुजबूज झाली. असं मागणं ह्या मंदिरात कुणी ऐकलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यातून अमझेऱ्याची एक म्हातारी काळजीच्या सुरात म्हणाली, "बाई, माझी तुळशीतली माती होती ती. ती चिवट आहे. ती येणारच. मी येते ना उद्या, उपटून काढते."

"आम्हीही येतो," आणखी कुणी म्हणालं.

"गाड्या आहेत," उदाजीराव म्हणाले. "देवासहून सकाळीच निघू."

नारायणराव उभे राहायला लागले, बस ठरवणाऱ्या माणसाच्या उत्साहाने. कमलने वळून सभेकडे पाहिलं. सगळे चेहरे इतके तत्पर होते, इतके चांगले होते, की तिला रडावं की ओरडावं कळेना.

"कुणी येऊ नका," ती म्हणाली. "तेच तर मागणं आहे माझं. कुणी काही करू नका."

सभा काकांकडे बघू लागली. आता ते काहीतरी म्हणतील, ह्या वाक्याला उचलून धरतील, त्याचा अर्थ लावतील, दृष्टान्त देतील. इतकी वर्षं त्यांनी कुठलीच जागा रिकामी जाऊ दिली नव्हती. चिपळ्या त्यांच्या हातात होत्या. पेटीवाल्याने बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि खुणेची वाट पाहिली.

काकांनी खूण केली नाही. चिपळ्याही वाजवल्या नाहीत. मागे अजेय तंबोऱ्याच्या तारा छेडत होता, त्याच, एकामागून एक, आणि मंडपात दुसरं काही नव्हतं. लोक आधी चुळबुळले, मग बसले. कुणीतरी खोकलं आणि खोकला दाबला. काका देवाकडे तोंड करून उभे होते आणि तेवढी जागा त्यांनी कोरी सोडली.

मग ते वळले, कमलचा हात हातात घेतला आणि तिच्या काळ्या नखांच्या ओंजळीत लाह्या ओतल्या.